सरळ रेघ

माझ्या हस्ताक्षरातले दोन शब्द गेली अकरा वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. 'ऑपरेटरचे दुर्लक्ष.' कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरीला असताना एका रात्री बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडला, सहा तासांहून अधिक वेळ गाळप बंद पडले, आणि सकाळी चौकशीच्या कागदावर 'कारण' असे छापलेल्या रकान्यात मी हे दोन शब्द लिहून खाली सही केली. त्या सहीमुळे एका माणसाला ऐन हंगामात पंधरा दिवस बिनपगारी घरी बसावे लागले. माझ्यावर कोणी दडपण आणले नव्हते. मला त्या वेळी तेच खरे वाटत होते, आणि म्हणूनच ते आज अधिक बोचते.

जानेवारीतली रात्र होती. गव्हाण भरलेली, वजनकाट्यापासून फाट्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, थंडीने कुडकुडणारे गाडीवान पाचट पेटवून बसलेले. बाराच्या पाळीला बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये एक ऑपरेटर होता, वय बत्तीस-तेहतीस, डिप्लोमा झालेला, हुशार. दोनच्या सुमारास आमच्याच विभागाचा टेक्निशियन ड्रमच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरची लाइन साफ करायला गेला. नियमाप्रमाणे ऑपरेटरने तेवढ्यापुरते नियंत्रण हाती घेतले, आणि टेक्निशियनने 'झाले' असे कळवल्यावर पुन्हा ऑटोवर टाकले. मात्र साफसफाईनंतर ट्रान्समीटरकडे जाणारा एक छोटा व्हॉल्व्ह बंदच राहिला होता. नळीत अडकलेला दाब तसाच कोंडून राहिला आणि पडद्यावर पातळी ५२ टक्के दिसू लागली. ती ५२ वरच थांबली.

ज्यांनी बॉयलर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ड्रममधले पाणी हा बॉयलरचा जीव असतो. ते फार चढले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाते, आणि फार उतरले तर नळ्या कोरड्या पडून जळतात. म्हणून पातळी निम्म्यावर राखायची असते, आणि ते काम आता यंत्रणाच करते: पातळी किती, वाफ किती गेली, पाणी किती आले, ही तीन मापे घेऊन ती पाण्याचा व्हॉल्व्ह कमीजास्त करत राहते. त्या रात्री तिला सांगितलेली पातळी ५० होती आणि दिसत होती ५२. म्हणजे पाणी जरा जास्त आहे, असे तिने मानले आणि व्हॉल्व्ह किंचित मिटला. तरीही ५२ च. आणखी किंचित मिटला. असे ती पाऊण तास करत राहिली. ड्रममधले खरे पाणी उतरत होते आणि पडद्यावर सारे आलबेल होते. अलार्म वाजायचे कारणच नव्हते, कारण अलार्मसुद्धा त्याच ट्रान्समीटरच्या आकड्यावर बेतलेला होता.

तीनला थोडा अवधी असताना वेगळ्या जोडणीवर बसवलेल्या शेवटच्या सुरक्षा स्विचने बॉयलर बंद केला. बगॅसचे, म्हणजे जळणाच्या उसाच्या चोथ्याचे, फीडर थांबले, वाफेचा दाब पडू लागला, पाठोपाठ टर्बाइन, पाठोपाठ मिल. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पडद्यावर अलार्मच्या ओळींवर ओळी चढत गेल्या. तीन फोन एकाच वेळी वाजत होते. ऑपरेटर अलार्म स्वीकारत सुटला, आणि मधूनमधून पातळीकडे बघत राहिला. ती ५२ च होती. त्याने साहजिकच निष्कर्ष काढला की स्विच खोटा बोलला. पंप मॅन्युअलवर घेऊन बॉयलर लगेच पुन्हा उभा करायच्या तयारीत तो असतानाच जुने फायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, ड्रममधले खरे पाणी काचेच्या नळीत दिसते त्या मजल्यावरून जिने उतरत धापा टाकत आत आले आणि दारातूनच म्हणाले, "पोरा, काच रिकामी हाय. पानी घालू नगंस. आदी जाळ इझू दे."

तापलेल्या कोरड्या ड्रमात थंड पाणी सोडणे म्हणजे काय, हे बॉयलरवर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मामांचे ते वाक्य आले नसते तर मी आज काय लिहीत असतो, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

सकाळी मी ट्रेंड, म्हणजे आकड्यांचा नोंदलेला आलेख, काढून पाहिला. पातळीची रेघ दोन वाजेपर्यंत नेहमीसारखी थरथरत होती, कधी ४८, कधी ५३, आणि दोननंतर ती पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. चालू बॉयलरमध्ये पाणी कधीही असे स्थिर राहत नाही. बगॅस ओली आली, मिलने वाफ जास्त ओढली, की ते हलते. सरळ रेघ म्हणजे मोजणारे यंत्र मेले आहे, हे मला कागद हातात घेताच कळले, आणि माझ्या मनात आले की जे मला एका नजरेत कळले ते याला पाऊण तासात का कळू नये? शिवाय दुसऱ्या एका पानावर, आत येणारे पाणी आणि बाहेर जाणारी वाफ यांतली तफावतही हळूहळू वाढताना दिसत होती. म्हणून मी ते दोन शब्द लिहिले. व्हॉल्व्ह आमच्या माणसाकडून बंद राहिला, याचा उल्लेख मी 'निरीक्षणे' या खालच्या रकान्यात, बारीक अक्षरात केला. मला उत्तर आधीच माहीत होते आणि रेघ माझ्यासमोर एकटी होती. त्याच्यासमोर ती साठ-सत्तर आकड्यांमधली एक होती, आणि ती सगळ्यांत शहाण्यासारखी वागत होती.

हे कळायला मला काही वर्षे लागली. कारखान्यात नवी माणसे तयार करायची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी माणूस आणि यंत्र यांच्या नात्यावरचे संशोधन वाचू लागलो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत या विषयाचा एक तासही आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

पहिल्यांदा भेटला तो ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने समुद्रावर गस्त घालत आणि रडारच्या पडद्यावर पाणबुडीचा ठिपका शोधत. निरोगी, प्रशिक्षित, जिवाची बाजी लावलेले तरुण पडद्यावर आलेला ठिपका हुकवत होते. मॅकवर्थने केंब्रिजमध्ये एक घड्याळ तयार केले. पांढरी कोरी तबकडी, आकडे नाहीत, एक काळा काटा दर सेकंदाला एक पाऊल टाकणारा, शंभर पावलांत एक फेरी. मधूनच, कधी ते न सांगता, काटा दोन पावले एकदम टाकी. ते दिसले की कळ दाबायची. दोन तास. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा की पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे ती दुहेरी पावले अधिक प्रमाणात हुकवू लागतात. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती दिली तर नजर टिकते. प्रत्येक वेळी 'बरोबर', 'हुकले' असे सांगत गेले तरी ती टिकते.

आमची पाळी आठ तासांची होती. कंट्रोल रूममध्ये एकच माणूस होता आणि काही हुकले नाही तोपर्यंत त्याला कोणी काही सांगत नसे. मॅकवर्थने ज्या अवस्थेत माणूस अर्ध्या तासात थकतो असे दाखवले, ती अवस्था आम्ही अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या एका चुकीआधी रोज आठ तास, हंगामाचे पाच महिने, एकाच माणसाकडून मागत होतो, आणि ती मागणी आम्हाला मागणीच वाटत नव्हती.

कारण कारखान्यात कंट्रोल रूमची नोकरी सुखाची समजतात. मिलवर धूळ, बॉयलर हाऊसमध्ये धग, सेंट्रीफ्युगलवर आवाज, आणि हा मात्र 'एसीत बसून पगार घेतो'. हे वाक्य मी कामगारांच्या तोंडी ऐकले आहे, अधिकाऱ्यांच्या तोंडी ऐकले आहे, आणि मनातल्या मनात मीही म्हटले आहे. जोएल वॉर्म या संशोधकाने आयुष्यभर या समजुतीला विरोध केला. १९८८ मध्ये 'नासा'च्या सँड्रा हार्ट आणि त्यांचे सहकारी लॉवेल स्टेव्हलँड यांनी कामाचा भार मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती माणसालाच विचारते की डोक्याला ताण किती पडला, अंगमेहनत किती झाली, घाई किती होती, काम किती साधले, कष्ट किती लागले आणि वैताग किती आला. नुसते पाहत बसण्याच्या कामाला ही मोजपट्टी लावली तर भार कमी निघेल असे वाटते. तो बराच जास्त निघतो. २००८ मध्ये वॉर्म, राजा परसुरामन आणि जेरल्ड मॅथ्यूज यांनी हे सारे एकत्र मांडताना स्पष्टच म्हटले की पाळत ठेवणे हे कठीण बौद्धिक श्रमाचे काम आहे आणि ते ताण निर्माण करते. पीटर हॅनकॉक आणि वॉर्म यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते की माणसावर ताण जसा अति माहितीने येतो तसा अति थोड्या माहितीनेही येतो. आपण मधल्या पट्ट्यात आरामात असतो आणि दोन्ही टोकांना झिजतो. त्या ऑपरेटरची बायको एकदा हळदी-कुंकवाच्या निमित्ताने माझ्या घरी आली तेव्हा माझ्या पत्नीला म्हणाली होती, "वहिनी, रात्रपाळीवरून आल्यावर ते तासभर कोणाशी बोलत नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसतात." आम्ही दोघांनी त्याचा अर्थ 'झोप कमी पडते' असा लावला होता.

ताणाविषयी एक वक्ररेषा सगळीकडे दाखवतात. थोडा ताण काम सुधारतो, फार ताण ते बिघडवतो. तिचा उगम रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ च्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे, आणि व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात ती ज्या सहजतेने माणसांना लावतात ते मला पटत नाही. मला जास्त उपयोगी वाटले ते ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाचे १९५९ मधले विवेचन. घबराट वाढली की माणसाची नजर अरुंद होते आणि कडेच्या खुणा आधी गळून पडतात. त्या रात्री तीन फोन आणि अलार्मच्या रांगा यांच्यात तो पोरगा एकाच आकड्याला धरून बसला. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि त्याच्या हाताला ५२ लागले.

तरीही एक प्रश्न उरत होता. ट्रिप होण्याआधीची पाऊण तासाची शांतता. त्या वेळी घबराट नव्हती. तरी रेघ का दिसली नाही? याचे उत्तर मला परसुरामन यांच्या १९९३ च्या एका अभ्यासात मिळाले, जो त्यांनी रॉबर्ट मोलॉय आणि इंद्रमणी सिंह यांच्यासह केला. संगणकावर विमान चालवण्यासारखी कामे एकाच वेळी दिली होती: एक लक्ष्य धरून ठेवायचे, इंधन सांभाळायचे, आणि तिसरे काम, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवणे, हे स्वयंचलित यंत्रणा करायची. ती मधूनमधून चुकायची आणि ती चूक माणसाने पकडायची. काहींसाठी यंत्रणेचा भरवसा सबंध वेळ एकसारखा ठेवला होता, काहींसाठी तो कमीजास्त होत होता. जिथे तो एकसारखा होता तिथे माणसांनी यंत्रणेच्या चुका फार मोठ्या प्रमाणात हुकवल्या. जिथे यंत्रणा कधी बरी, कधी वाईट वागत होती, तिथे माणसे जागी राहिली. आणि हातात दुसरे काही काम नसून फक्त नजरच ठेवायची असेल तेव्हा तीच माणसे त्या चुका चांगल्या पकडत होती.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ गच्चीवर उभा राहिलो. आमच्या त्या ट्रान्समीटरने चार हंगाम एकदाही दगा दिला नव्हता. मी स्वतः त्याची निगा राखली होती आणि मला त्याचा अभिमान होता. त्या रात्री ऑपरेटर फक्त पातळीच बघत नव्हता. बगॅस ओली येत होती, भट्टीचा दाब सारखा वरखाली होत होता, आणि तो हाताने हवा सांभाळत होता. चार वर्षे खरे बोललेल्याकडे त्याने पाऊण तास पाहिले नाही. आपणही घरातल्या कर्त्या माणसाचा हिशोब रोज तपासत नाही.

माझे वडील गुळव्या होते. भोगावतीकाठच्या आमच्या गावात आणि शेजारच्या दोन-तीन गावांत त्यांना हंगामात बोलावणे असे. काहिलीत रस उकळू लागला की ते भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून काढत, आणि मग तासभर त्यांचे कोणाशीही बोलणे नसे. फेस पिवळा होतो, बुडबुडे मोठे होतात, मग लहान आणि जड होतात, चुलवाणात चिपाडे सारणाऱ्याला ते मान न वळवता हाताने खूण करत. शेवटी गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब सोडून बोटांनी त्याची गोळी वळून बघत. गोळी मोडली तर अजून थांबायचे, हाताला चिकटली तरी थांबायचे, टणक वळली की काहील उतरवायची. पुढे एका गुऱ्हाळमालकाने थर्मामीटर आणला. गूळ ११६ ते १२० अंशांच्या दरम्यान उतरतो, हे खरेच आहे. वडिलांनी त्याला विरोध केला नाही. ते थर्मामीटर बघत आणि गोळीही वळत. नदीकाठच्या खारवट रानातला ऊस असेल तर आकडा येऊनही गूळ बसत नाही, हे त्यांना गोळी सांगत असे. पण त्यांच्यानंतर आलेल्या पोराने गोळी वळणे सोडले आणि तीन हंगामांत त्याच्या बोटांची जाण गेली. तो वाईट कारागीर नव्हता. त्याला बोटे वापरायची गरज पडत नव्हती.

कारखान्यात पॅनवरही, म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा तयार करतात त्या भांड्यावरही, हेच पाहिले. जुने पॅनमन सळईने पाकाचा नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरत, दिव्यासमोर धरत, आणि दाणा एकसारखा आहे की मधे खोटा बारीक दाणा पडला आहे हे सांगत. पॅन स्वयंचलित झाल्यावर काचेची पट्टी खिळ्याला टांगलेली राहिली.

लिसॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्याचे सार मी माझ्या विद्यार्थ्यांना असे सांगतो: यंत्रणा उभी करणारा अभियंता माणूस चुकतो म्हणून त्याला कामातून बाजूला काढतो, आणि जे त्याला स्वतःला यंत्राकडून करवून घेता आले नाही, ते सगळ्यांत अवघड काम त्याच माणसासाठी ठेवतो. रोजचे सोपे काम यंत्र करते, म्हणून माणसाचा हात बसत नाही. यंत्र हात टेकते ते नेमके अवघड क्षणी, आणि त्या क्षणी नेहमीपेक्षा अधिक कसबी माणूस लागतो. तो कुठून आणायचा? बेनब्रिज यांनी आणखी एक बोचरी गोष्ट लिहिली आहे. त्यांच्या काळच्या स्वयंचलित कारखान्यांत जी माणसे नजर ठेवत होती ती पूर्वी हाताने काम केलेली होती. त्या कसबावर यंत्रणा उभ्या होत्या, आणि पुढच्या पिढीकडे ते कसब असणार नव्हते. आमच्याकडे ती आधीची पिढी म्हणजे मामा, आणि नंतरची पिढी म्हणजे खुर्चीतला तो पोरगा. त्याने आयुष्यात एकदाही हाताने पाणी धरून बॉयलर चालवला नव्हता. त्याला तशी संधी आम्हीच दिली नव्हती.

२८ मार्च १९७९ ला पहाटे चारला, म्हणजे आमच्यासारख्याच पाळीला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जे घडले ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि मिटलाच नाही. कंट्रोल रूममधला दिवा मात्र तो मिटल्याचे सांगत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, 'मीट' असा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. अलार्म छापणारा संगणक पुढे तासाभराहून अधिक मागे पडला. पाण्याची पातळी दाखवणारा काटा वर चढत होता, म्हणून पाणी फार झाले असे समजून त्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला, आणि त्याच वेळी अणुभट्टीतले पाणी वाफ होऊन निघून जात होते. बॉयलरवाल्याला हे ओळखीचे आहे. दाब पडला की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असताना पातळी वाढलेली दिसते. दोन तासांहून अधिक वेळाने, पहाटेनंतर नव्याने आलेल्या एका पर्यवेक्षकाने ताज्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या व्हॉल्व्हच्याच वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. आधीपासून आत असलेली माणसे अडाणी नव्हती. ती आपल्या पहिल्या समजुतीत अडकली होती, आणि समोरचा दिवा त्या समजुतीला दुजोरा देत होता.

हा विषय मुळात उभा राहिला तोही 'माणसाची चूक' या शेऱ्यातूनच. महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमाने उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत, कारण पायलट पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाके मिटत. शेरा पडे: पायलटची चूक. अल्फॉन्स शपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिले. दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते, आणि ज्या विमानांत ते तसे नव्हते त्यांचे पायलट ही चूक करत नव्हते. त्याने सुचवले की चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार द्या आणि झडपांच्या खटक्याला पाचरीचा. प्रश्न मिटला. मी मात्र सत्तर वर्षांनंतर कॉकपिटमध्ये न जाता शेरा लिहिला होता.

कोल्हापूरकराला यंत्रावर भरवसा कसा ठेवावा हे खरे तर ठाऊक आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, आणि किती दरवाजे उघडले ही बातमी पावसाळ्यात घरोघरी पोहोचते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शाळकरी पोरालाही पाठ असते. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मी पाहिले की मोबाइलवर फूट-इंच आले तरी माणसे छत्री घेऊन बाहेर पडत आणि पाणी कोणत्या पायरीला, कोणत्या दुकानाच्या उंबऱ्याला लागले ते डोळ्यांनी बघून येत. आकडा आणि उंबरा दोन्ही जुळले की मगच सामान वरच्या मजल्यावर न्यायचे की नाही ते ठरे.

आम्ही कारखान्यात पुढे जे केले ते फार मोठे नव्हते, आणि सगळे मनासारखेही झाले नाही. पातळीचा आकडा ठरावीक वेळ अजिबात हलला नाही तर पिवळी सूचना येईल अशी सोय केली. यासाठी प्रोग्राममध्ये चार ओळी पुरल्या, आणि त्या आधीच लिहिल्या असत्या तर काय झाले असते हे मला कोणी सांगायला नको. अलार्मची यादी घेऊन बसलो तेव्हा निम्म्याहून अधिक अलार्म असे निघाले की ते आल्यावर ऑपरेटरने काय करायचे हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. ते काढून टाकले. ड्रमच्या मजल्यावरची काच आणि पडद्यावरचा आकडा दर तासाला बोलून जुळवायचा, लॉगबुकात दोन्ही लिहायचे, असा शिरस्ता पाडला. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, गाळप मंद असताना, प्रत्येक ऑपरेटरने मामांना शेजारी बसवून ठरावीक वेळ पाणी हाताने धरायचे, हेही ठरले. याला वरून विरोध झाला. यंत्रणेवर एवढा खर्च केला तो हाताने चालवायला का, असे विचारले गेले. मी बेनब्रिज बाईंचे म्हणणे मराठीत सांगून पाहिले, पण पटले ते वडिलांच्या गोळीचे उदाहरण, कारण समोर बसलेले सगळे ऊस पिकवणाऱ्या घरातले होते. रात्रपाळीला दुसरा माणूस मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. मॅकवर्थचा अर्धा तास आमच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात बसला नाही, आणि हे अपुरेपण मी इथे लपवत नाही.

निवृत्त होण्याआधी मी जुनी फाइल मागवली. मूळ शेरा खोडता येत नाही, म्हणून त्याला एक पान जोडले. व्हॉल्व्ह कोणाच्या विभागाकडून बंद राहिला, अलार्म कुठून बेतलेला होता, ऑपरेटर त्या वेळी आणखी कोणते काम हाताने करत होता, आणि त्याला हाताने बॉयलर चालवायचे शिक्षण दिले गेले नव्हते, हे सारे मोठ्या अक्षरात लिहून सही केली. मग ते पान घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ते उभ्याउभ्याच वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाला, "साहेब, पंधरा दिवसांचं काही नाही. मला वाटायचं, रेघ मलाच दिसायला पाहिजे होती." मी त्याला सांगितले की तशी रेघ कुणालाच सहज दिसत नाही, आणि ती का दिसत नाही हे सांगायला मला एक सबंध दुपार लागली. तो मधे मधे प्रश्न विचारत होता. घड्याळाच्या प्रयोगातल्या पोरांना रात्रपाळी होती का, असेही त्याने विचारले.

गेल्या हंगामात एका पाहुण्याला कारखाना दाखवायला गेलो होतो, तेव्हा उशिरा कंट्रोल रूममध्ये डोकावलो. खुर्चीत तोच होता, कानशिलांवर केस पांढरे झालेले, शेजारी एक नवा पोरगा. मामा आता नाहीत, त्यांच्या जागी त्यांच्याच गावचा एक फायरमन आहे. घड्याळात एक वाजला तसा याने वॉकीटॉकी उचलला.

"काच काय म्हणते?"

"निम्म्याच्या वर दोन बोटं. हलतंय."

त्याने नव्या पोराकडे लॉगबुक सरकवले आणि पडद्यावरची थरथरती रेघ बोटाने दाखवत म्हणाला, "लिही. निम्म्याच्या वर दोन बोटं. आणि 'हलतंय' तेही लिही."